या आठवड्याचा पाराशा: यहुदी वाचक जुन्या ग्रंथात आजचा अर्थ कसा शोधतात

हमासने इस्राएलवर हल्ला केला तो ७ ऑक्टोबर २०२३ हा दिवस शनिवार होता आणि इस्राएलमध्ये त्या दिवशी सिम्हात तोरा हा सण होता. हा उल्लेख त्या काळातील बातम्यांत वारंवार आला. पुढे युद्धाच्या वार्तांकनातून 'अमालेक', 'तोरामध्ये असे लिहिले आहे', 'या आठवड्याचा पाराशा' असे शब्द मराठी वाचकांच्याही कानावर पडत राहिले. मात्र हे वाचन म्हणजे नेमके काय, ते कोण ठरवते आणि हजारो वर्षांपूर्वीच्या मजकुराकडे आजचे सुशिक्षित लोक आपल्या काळाचे प्रश्न घेऊन कसे जातात, हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही. यहुदी धर्माविषयी आपल्याकडे जे वाचले जाते ते बहुतांशी राजकारणापुरतेच असते. त्यामुळे त्या धर्माचा जो भाग आठवड्यामागून आठवडा घरोघरी चालू असतो, तोच आपल्या नजरेआड राहतो.

पाराशा म्हणजे काय?

उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या पाच पुस्तकांना मिळून तोरा म्हणतात. ही पुस्तके ख्रिस्ती बायबलच्या जुन्या कराराच्याही आरंभी येतात. वर्षभरात वाचून संपावीत म्हणून त्यांचे ५४ भाग पाडलेले आहेत. अशा एका भागाला पाराशा म्हणतात आणि त्याच्या सुरुवातीच्या शब्दावरूनच त्याचे नाव पडते. शब्बाथ म्हणजे शनिवार हा विश्रांतीचा दिवस, आणि त्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत सभास्थानात त्या आठवड्याचा पाराशा मोठ्याने वाचला जातो. सिम्हात तोरा या सणाला अनुवादाचे शेवटचे वचन वाचून होते आणि त्याच बैठकीत उत्पत्तीच्या पहिल्या वचनापासून पुन्हा आरंभ होतो.

वाचन होते ते चर्मपत्राच्या हस्तलिखित गुंडाळीतून. तिच्यात, परंपरेच्या मोजणीनुसार, ३,०४,८०५ अक्षरे असतात, पण स्वरचिन्हे नसतात आणि विरामचिन्हेही नसतात. म्हणून वाचणाऱ्याला उच्चार, विराम आणि चाल हे सगळे आधी पाठ करावे लागते. अक्षरांना बोट लागू नये म्हणून हाताच्या आकाराच्या छोट्या काठीने ओळ दाखवली जाते. सात जणांना एकेक करून वाचनासाठी पुढे बोलावतात. वाचणारा चुकला तर समोर बसलेले लोक तिथल्या तिथे त्याला सुधारतात. श्रोत्यांच्या हातात छापील प्रत असते आणि मजकूर सगळ्यांच्या मालकीचा मानला जात असल्यामुळे या सुधारणेचा कोणी राग धरत नाही.

यहुदी पंचांगात दर १९ वर्षांत ७ अधिक महिने येतात, त्यामुळे प्रत्येक वर्षात शनिवारांची संख्या सारखी नसते. शनिवार कमी पडले की काही पाराशे जोडीने वाचतात. वर्षभरात संपूर्ण वाचन करण्याची ही पद्धत बाबिलोनमधील यहुद्यांची. प्राचीन पॅलेस्टाईनमध्ये वाचन सुमारे तीन वर्षांत पुरे होत असे. बाराव्या शतकातील तुदेलाचा प्रवासी बिन्यामिन याला कैरोमध्ये या दोन्ही पद्धतींची सभास्थाने शेजारी शेजारी नांदताना दिसली. आज बहुतेक ठिकाणी वार्षिक क्रमच पाळला जातो.

निवड वाचकाच्या हाती नसते

या पद्धतीचे बळ, माझ्या मते, एका साध्या गोष्टीत आहे: कोणत्या आठवड्यात काय वाचायचे हे पंचांग ठरवते. कीर्तनकार आपल्या विषयाला साजेसा अभंग निवडून निरूपण करतो, तशी मोकळीक इथे नाही. समाजात लग्न असो, दुष्काळ असो वा निवडणूक असो, समोर येईल तोच पाराशा. तेराव्या वर्षी मुलाला समाजाचा जबाबदार घटक मानतात. त्या समारंभात तो त्या आठवड्याचा पाराशा किंवा त्यातील काही भाग वाचतो आणि अनेक ठिकाणी त्यावर छोटे भाषणही करतो. कोणाच्या वाट्याला तांबडा समुद्र दुभंगण्याची कथा येते, तर कोणाला त्वचेवरील चट्ट्यांचे नियम समजावून सांगावे लागतात. दुसऱ्या मुलाला अधिक कष्ट पडतात आणि पुष्कळदा त्याचे भाषण अधिक ऐकण्यासारखे होते, कारण मजकूर आपल्याशी आपणहून बोलत नाही हे तो गृहीत धरून बसलेला असतो.

आवडते वचन आपण निवडले की त्यात आपलेच मत आपल्याला परत ऐकू येते. न निवडलेले वचन मात्र अडवते, आणि आजचा अर्थ शोधण्याचे काम त्या अडण्यापासून सुरू होते. तल्मुद हा प्राचीन रब्बींच्या चर्चांचा संग्रह आहे. रब्बी म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार शिक्षक. त्या संग्रहात प्रत्येकाने आठवड्याचा पाराशा मूळ हिब्रूत दोनदा आणि भाषांतरात एकदा वाचावा असे सांगितले आहे. म्हणजे शनिवारी ऐकण्याआधी मजकूर तीनदा नजरेखालून गेलेला असावा, अशी अपेक्षा आहे.

एका पानावर अनेक शतकांची बैठक

१५१७ पासून व्हेनिसमध्ये दानिएल बॉमबर्ग याच्या छापखान्यातून टीकांसह, म्हणजे भाष्यांसह, हिब्रू बायबल छापले जाऊ लागले. १५२५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आवृत्तीने पानाची जी मांडणी रूढ केली, ती आजही चालते. जुन्या वाड्यात मधल्या चौकात काही घडत असावे आणि चारी बाजूंच्या ओसऱ्यांवर बसलेली माणसे त्यावर बोलत असावीत, तसे हे पान दिसते. मधोमध मूळ वचने असतात आणि भोवती फ्रान्समधील टीकाकार राशी (१०४०–११०५), स्पेनमधील इब्न एझ्रा आणि रामबान, तसेच आरामी भाषांतर. ही माणसे एकमेकांशी सहमत नसतात आणि छापणाऱ्यानेही त्यांच्यात निवाडा केलेला नसतो. लहान वयापासून असे पान हाताळणाऱ्या वाचकाला एका वचनाचे अनेक अर्थ निघतात हे वेगळे शिकवावे लागत नाही.

विसाव्या शतकात ही रीत सामान्य माणसापर्यंत नेणाऱ्यांमध्ये नेहामा लाइबोविट्स (१९०५–१९९७) यांचे नाव मी सर्वांत आधी घेईन. रीगा शहरात जन्मलेल्या आणि पुढे जेरुसलेममध्ये स्थायिक झालेल्या या शिक्षिकेने १९४२ पासून सुमारे तीस वर्षे पाराशावरच्या प्रश्नांची पाने काढून लोकांना पाठवली. सैनिक, परिचारिका, सामुदायिक शेतांवर राबणारे कामगार अशी सगळ्या थरांतील माणसे उत्तरे लिहून टपालाने परत पाठवत आणि त्या ती लाल शाईने तपासून देत. कठीण प्रश्नापुढे एक फुली, फारच कठीण असेल तर दोन फुल्या. त्यांचा लाडका प्रश्न असे, "राशीला इथे काय खटकले?" टीकाकाराने काय म्हटले हे पाठ करण्यापेक्षा मूळ वाक्यातील कोणती अडचण पाहून त्याला बोलावेसे वाटले ते शोधा, असा त्यांचा आग्रह होता. १९५६ मध्ये त्यांना इस्राएल पुरस्कार मिळाला. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या समाधीवर नावापुढे 'शिक्षिका' एवढेच लिहिलेले आहे.

नोहा गप्प का राहिला?

आता प्रत्यक्ष वाचन पाहू. वर्षातील दुसरा पाराशा जलप्रलयाचा. त्यात म्हटले आहे की नोहा 'आपल्या पिढीत' नीतिमान होता. हे दोन शब्द नसते तरी वाक्य पुरे झाले असते, मग ते कशासाठी? राशी दोन मते नोंदवतो. एक मत असे की वाईट काळातही तो चांगला राहिला, तर चांगल्या काळात किती मोठा झाला असता. दुसरे असे की त्या पिढीत तो उठून दिसला, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्या पिढीत असता तर कोणी त्याची दखलही घेतली नसती.

दुसऱ्या मताला मजकुरातच आधार आहे. सगळे जग बुडणार असे देव सांगतो, नोहा तारू बांधतो, प्राणी आत घेतो, पाणी चढते आणि ओसरते. या साऱ्यात नोहाच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्याचे पहिले शब्द येतात ते प्रलयानंतर, आणि तेही शापाचे. दोन आठवड्यांनी येणाऱ्या पाराशात सदोम शहराचा नाश होणार हे कळताच अब्राहाम मात्र देवाशी वाद घालतो: पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? असे करत तो दहापर्यंत येतो. नोहाच्या पाराशाला जोडून यशया संदेष्ट्याचा जो उतारा वाचतात त्यात प्रलयाला 'नोहाचे पाणी' म्हटले आहे, आणि जोहार हा गूढवादी ग्रंथ त्याचा जाब नोहालाच विचारतो: लोकांसाठी त्याने रदबदली केली नाही, म्हणून पाण्याला त्याचे नाव लागले.

हवामानबदलावर बोलणारे आजचे रब्बी या पाराशाकडे वळतात ते केवळ पुरामुळे नव्हे. धोक्याची खात्रीलायक माहिती असलेला आणि आज्ञा चोख पाळणारा माणूस स्वतःच्या कुटुंबापुरते तारू बांधून थांबला, तर त्याला चांगला म्हणायचे का, हा प्रश्न मजकुरात आधीपासूनच आहे. आजचा वाचक तो फक्त आपल्या काळाला लावून पाहतो.

ज्याला सगळे टाळतात तो पाराशा

लेवीयच्या पुस्तकातील ताझ्रिया आणि मेत्सोरा हे दोन पाराशे वाचकाला सर्वांत नकोसे वाटतात. त्यांत 'त्साराआत' नावाच्या विकाराचे नियम आहेत. मराठी बायबलमधील शब्दांमुळे तो कुष्ठरोग वाटतो, पण हाच विकार कपड्यांवर आणि घराच्या भिंतींवरही उमटतो असे पुढे लिहिले असल्यामुळे तो आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो तो नव्हे. पुरोहिताने चट्टा तपासायचा, माणसाला सात दिवस अलग ठेवायचे, पुन्हा तपासायचे. विकार ठरला तर त्या माणसाने वरचा ओठ झाकून 'अशुद्ध, अशुद्ध' असे ओरडावे आणि छावणीबाहेर एकटे राहावे.

२०२० मध्ये हे दोन्ही पाराशे जोडीने आले ते २५ एप्रिलला. जगभरातील सभास्थाने कुलूपबंद होती, तोंडे झाकलेली होती आणि विलगीकरण हा शब्द घराघरांत पोचला होता. हे साम्य पाहून लोक चकित झाले. पण पुराणात आधीच सारे सांगून ठेवले होते, असे म्हणून तिथेच थांबणे हा वाचनाचा फार उथळ प्रकार झाला असता. ज्यांनी जुन्या टीका उघडल्या त्यांना अधिक मोलाचे काही सापडले. अलग काढलेल्या माणसाने ओरडावे ते कशासाठी? तल्मुद सांगते, आपले दुःख त्याने लोकांना कळवावे, म्हणजे लोक त्याच्यासाठी दयेची याचना करतील. ज्या ओरडण्याकडे आपण दूर राहण्याचा इशारा म्हणून पाहिले असते, त्यात ऐकणाऱ्यांवर टाकलेले एक कर्तव्य या वाचनाने दाखवून दिले.

आणखी एक तपशील पाहा. भिंतीवर चट्टा दिसला तर पुरोहित येण्याआधी घर रिकामे करावे, म्हणजे आतील वस्तू अशुद्ध ठरणार नाहीत, असा नियम आहे. मिश्ना या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या संहितेत रब्बी मेईर विचारतात: लाकडाच्या, कापडाच्या आणि धातूच्या वस्तू पाण्यात बुडवून शुद्ध करता येतात, मग तोरा वाचवू पाहते ते काय? मातीची भांडी, तेलाचा बुधला, पाण्याचा तांब्या. ती फोडावीच लागली असती. ज्या ग्रंथाला इतक्या हलक्या वस्तूंची काळजी आहे, त्याला माणसाच्या मुलाबाळांची किती असेल, असे ते पुढे म्हणतात. नवरदेवाच्या अंगावर चट्टा दिसला तर मेजवानीचे सात दिवस त्याची तपासणी करू नये, असेही मिश्नाने नोंदवले आहे. साथीचे नियम करताना कोणाचे काय फुटेल याचा हिशेब आधी मांडावा, ही गोष्ट टाळेबंदीत रोजंदारीवाल्यांचे हाल पाहिलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

हा अर्थ ओढूनताणून लावलेला नाही का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो परंपरेच्या आतूनच आलेला आहे. कोणतेही वचन आपला सरळ अर्थ सोडत नाही, असा तल्मुदातील नियम आहे. म्हणजे रूपक, बोध, गूढार्थ काहीही काढा, पण शब्दांचा उघड अर्थ पुसता येणार नाही. राशीचा नातू राशबाम सरळ अर्थाचा इतका कट्टर पुरस्कर्ता होता की तो आजोबांशीही वाद घालत असे. तो लिहितो की, वेळ मिळाला असता तर रोज नव्याने सुचणाऱ्या सरळ अर्थांप्रमाणे आपण वेगळी भाष्ये लिहिली असती, असे राशीने त्याच्याजवळ कबूल केले होते. बाराव्या शतकाच्या आरंभीचा हा संवाद आहे.

म्हणून कसोटी एवढीच: तुम्ही काढलेला प्रश्न मजकुरातील एखाद्या खाचेतून, जादा शब्दातून किंवा विसंगतीतून आलेला आहे का? नोहाचे मौन कोणालाही ग्रंथ उघडून तपासता येते. याउलट उत्पत्तीमध्ये आजचे विज्ञान शोधणाऱ्या भाषणांना ही कसोटी पेलत नाही आणि ती मला वाचनाच्या दृष्टीने निष्फळ वाटतात. तोरा सिनाय पर्वतावर मोशेला मिळाली असे परंपरानिष्ठ यहुदी मानतात. अनेक अभ्यासक आणि सुधारणावादी यहुदी तिच्यात वेगवेगळ्या काळांतील हात पाहतात. हा मतभेद मोठा असला तरी शनिवारी दोघांपुढे पाराशा बहुधा तोच असतो.

ग्रंथातील क्रूर भागाचे काय?

अनुवादाच्या पुस्तकात आईबापांचे न ऐकणाऱ्या बंडखोर मुलाला दगडमार करावा असा नियम आहे. रब्बींनी तो गाळला नाही. त्यांनी त्याला इतक्या अटी घातल्या की तो लागू होणे अशक्य व्हावे. एका मतानुसार तर आई आणि बाप आवाजाने, रूपाने आणि उंचीने सारखे असावे लागतात. असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, हा नियम अभ्यासासाठीच लिहिला आहे, असा निष्कर्ष तल्मुदात येतो. त्याच पानावर रब्बी योनातान म्हणतात, मी तसा मुलगा पाहिला आहे आणि त्याच्या कबरीवर बसलो आहे. हे विरोधी मतही संकलकांनी काढून टाकले नाही.

अमालेकाचा प्रश्न याहून जड आहे, कारण तो आज माणसांच्या जिवाशी येऊन ठेपतो. मिसर देशातून निघालेल्या थकल्याभागल्या इस्राएली लोकांवर अमालेकी टोळीने मागून हल्ला केला, म्हणून 'अमालेकाने काय केले ते आठव' आणि त्याची आठवण पुसून टाक, अशी आज्ञा आहे. शमुवेलाच्या पुस्तकात ती शौल राजाला दिली जाते आणि तिथे तिचा अर्थ बायकामुलांसह संहार असाच होतो. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान नेतान्याहू यांनी गाझातील युद्धाविषयी बोलताना अमालेकाचे हे वचन उच्चारले आणि पुढे दक्षिण आफ्रिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात केलेल्या अर्जात त्याचा उल्लेख झाला.

जुन्या भाष्यकारांनी ही आज्ञा सहज गिळलेली नाही. शौल राजाने तिच्याविरुद्ध युक्तिवाद केला, मोठ्यांनी पाप केले असेल पण लहानांचे काय चुकले, असे तल्मुद सांगते. तिथे शौलाची बाजू मान्य होत नाही, पण प्रश्न नोंदलेला राहतो. बाराव्या शतकातील धर्मशास्त्रकार मैमोनिदीस म्हणतात की अमालेकालाही आधी शांततेचा प्रस्ताव दिला पाहिजे. अश्शूरच्या राजाने प्राचीन राष्ट्रांची सरमिसळ करून टाकल्यामुळे आज कोणी कोणाला अमालेकी म्हणून ओळखू शकत नाही, असे अनेक रब्बींनी मानले आहे. हासिदी या भक्तिमार्गी पंथाच्या शिकवणीत अमालेक म्हणजे मनातील संशय आणि निबरपणा.

त्या शनिवारी पंचांगाने अमालेक पुढे आणलेला नव्हता. २८ ऑक्टोबरचा पाराशा होता लेख लेखा. त्यात अब्राहाम आपल्या पुतण्याला, लोटला, शत्रूच्या कैदेतून सोडवायला ३१८ माणसे घेऊन जातो आणि परतल्यावर लुटीतला एक दोराही घेत नाही. हमासने पकडून नेलेल्या ओलिसांच्या नातलगांना त्या आठवड्यात ही कथा किती जवळची वाटली असेल हे सांगायला नको. त्याच पाराशात अब्राहामाची पत्नी सारा हिच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली गरोदर दासी हागार आहे. तिचे दुःख देव ऐकतो आणि तिच्या मुलाचे नाव इश्माएल ठेवायला सांगतो. अरब लोक आपली वंशपरंपरा त्याच्याकडे नेतात. तेराव्या शतकातील रामबान इथे स्पष्ट लिहितो की हागारेला छळण्यात आपल्या मातेचे पाप झाले आणि ते होऊ देण्यात अब्राहामाचेही. आपल्याच पूर्वजांना दोषी ठरवणारे हे भाष्य छापील पानावर राहिले आहे. वचन आपण निवडणे आणि जे वचन समोर येईल त्याला सामोरे जाणे, यांतला फरक त्या एका आठवड्यात जितका ठसठशीत दिसला तितका क्वचितच दिसतो.

मराठीतून तोरा

हे सारे आपल्यापासून वाटते तितके दूरचे नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून त्यांचे पूर्वज इथे आले. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली गेली, प्रार्थनेतील 'शेमा यिस्राएल' हे वचन तेवढे राहिले. पण शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत टिकली आणि त्यावरून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. १७९६ मध्ये शमुवेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधले.

ग्रंथाशी पुन्हा ओळख झाल्यावर या समाजाने तो मराठीत आणण्याचे मनावर घेतले. वल्हांडण म्हणजे मिसरातून सुटकेचा सण; त्या रात्री वाचायचा हग्गादा हा ग्रंथ १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. सभास्थानात हिब्रूत ऐकलेली कथा कीर्तनात साकी-दिंडीच्या चालीवर मराठीत उलगडत असे. हे परंपरेला सोडूनही नव्हते. प्राचीन सभास्थानांत वाचणारा एक वचन हिब्रूत म्हणे आणि शेजारी उभा असलेला दुभाषी ते लोकांच्या आरामी बोलीत सांगे, आणि एका वेळी एकाहून अधिक वचन दुभाष्याला देऊ नये असा मिश्नाचा नियम होता. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांत ही मराठी पदे आजही गायली जातात आणि ती जपण्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे.